प्राध्यापक इतुर्राल्दे यांची गैरहजेरी

तारांची ती टोपी लीबेर इतुर्राल्देने स्वतःच्या डोक्यावर चढवून घेतली ती केवळ एका पोरीची समजूत काढायला. अबरील नावाची ती आठ वर्षांची पोर खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, आणि मेंदूचा आलेख काढायचा म्हणजे काय हे तिला पुरतं ठाऊक असल्यामुळे ओठ घट्ट मिटून नुसत्या मानेनेच नाही-नाही करत होती. मागच्या खेपेला त्या चिकट मलमाने केसांच्या जटा झाल्या होत्या आणि आईने त्या सोडवताना हिसडे दिले होते, हे तिने एकदाच, पण सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं सांगून टाकलं होतं. आईचं, सोलेदादचं, पर्समधलं चॉकलेटचं बिस्किट दाखवून झालं होतं. यंत्र चालवणाऱ्या उबाल्दोचं माकडाचं तोंड करून झालं होतं; पण उबाल्दोचा चेहरा मुळातच त्या वळणाचा, त्यामुळे पोरीला फरक कळला नाही. लीबेर नेहमीसारखा दाराशी उभा होता. तो डॉक्टर नव्हे, रसायनशास्त्राचा माणूस. ज्या मुलांना दिवसातून कितीतरी वेळा क्षणभर जागच्या जागी हरवण्याचा आजार असतो, बोलता बोलता, जेवता जेवता डोळे उघडे आणि दुकान बंद, आणि मग जिथे सोडलं तिथूनच पुढे सुरू, त्या मुलांच्या रक्तात एक विशिष्ट रसायन वाढलेलं असतं, असं त्याचं म्हणणं होतं. हे म्हणणं मांडण्यात त्याची उमेद खर्ची पडली होती, केस गेले होते आणि प्राध्यापकी आली होती. इथे तो यायचा तो रक्ताच्या नळ्या न्यायला. पण त्या दिवशी त्याला कशाची लहर आली कोण जाणे. तो म्हणाला, "मी पण घालतो टोपी. बघू कोण जास्त वेळ फुंकतंय ते."

उबाल्दोने शेजारचं जुनं यंत्र सुरू केलं, लीबेरच्या टकलावर मलम थापलं ("तुमचं बरं आहे प्रोफेसर, जटा व्हायची भीती नाही"), आणि दोघांच्या हाती कागदाचं एकेक भिरभिरं दिलं. जोरजोराने फुंकर घालत राहायचं, म्हणजे श्वास फुलतो, आणि आजार लपला असेल तर बाहेर येतो. अबरीलने गाल फुगवले. लीबेरनेही फुगवले. लाल भिरभिरं गरगरायला लागलं, त्याच्या पात्यांचा एकच लाल गोल झाला, आणि मग ते भिरभिरं जमिनीवर पडलेलं होतं. मधलं काही नव्हतं. काही नव्हतं म्हणजे अंधारही नव्हता, गुंगीही नव्हती; कापडाचा तुकडा कातरून दोन्ही कडा बेमालूम शिवाव्यात तसं. अबरील फुंकायची थांबली होती आणि त्याच्याकडे फार आस्थेने बघत होती.

"आजोबा बंद पडले होते," ती म्हणाली.

उबाल्दोच्या काखेत थर्मास होता, हातात माते नावाच्या कडू काढ्याचा भोपळा होता, आणि नळी ओठांपर्यंत येऊन तिथेच थबकली होती. इतक्या वर्षांत उबाल्दोने माते निवू दिलेला लीबेरने पाहिला नव्हता. त्याने पडद्याकडे पाहिलं. अबरीलच्या रेघा शांत होत्या, औषध लागू पडलं होतं तिला. शेजारच्या पडद्यावर मात्र उंचच उंच दाते उठले होते, एक टोक, एक गोलाई, एक टोक, एक गोलाई, न्हाव्याच्या कंगव्यासारखे एकसारखे. हा आकार लीबेर झोपेतही ओळखला असता. प्रयोगशाळेच्या वर्धापनदिनाला त्याने हाच आकार छापलेले टाय वाटले होते.

"तारा उलट्या लागल्यात," तो म्हणाला.

"लागल्या असतील," उबाल्दो म्हणाला, थट्टेचा एक शब्दही न काढता. तारा काढून पुन्हा लावल्या. पुन्हा फुंकर घातली. पुन्हा भिरभिरं खाली. अबरील टाळ्या वाजवून म्हणाली, "आणखी एकदा!"

पेर्लाला बोलावणं गेलं. पेर्ला मेंदूची डॉक्टर. ती आणि लीबेर एकाच वर्षी विद्यापीठात आले होते, आणि तेव्हापासून ती त्याला कुठल्याही पदवीने हाक मारत नसे. ती हातात अर्धा खाल्लेला गोड पाव घेऊनच आली, पडद्यापाशी वाकली, चघळायची थांबली, आणि मग इतकी हसली की अबरीलच्या आईने आपली खुर्ची तिला दिली. "अरे लीबेर," ती डोळे पुसत म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा! जगभर हिंडलास रे या आकारामागे. उंदरांच्या डोक्यात तारा खुपसल्यास. आणि हा मुक्कामाला होता कुठे, तर तुझ्याच टाळक्यात." लीबेर म्हणाला की हा लहान मुलांचा आजार आहे, वयात आल्यावर तो बहुधा जातो, हे तिला माहीत असेलच. "बहुधा," पेर्ला म्हणाली. "काहींचा मुक्काम लांबतो. गाडी चालवतोस ना?" तो हो म्हणाला. तिने पावाचा हात मागे घेतला आणि दुसरा हात पुढे केला. "किल्ल्या."

म्हणून तो रांब्लाने, म्हणजे किनाऱ्याच्या रस्त्याने, पायी घरी निघाला. शरद ऋतूचं ऊन होतं, रांब्लाच्या कठड्यावर माणसं थर्मास काखेत घेऊन बसली होती, आणि ती समुद्राएवढी नदी आपल्या नेहमीच्या दुधाळ-तपकिरी रंगात काठाशी चुळबुळत होती. लीबेर पाऊल टाकायचा आणि मग मनाशी खात्री करून घ्यायचा की हे पाऊल आपणच टाकलं. एखाद्या माणसाला कोणी सांगावं की तुझ्या घरात अशी एक खोली आहे जिच्यात तू रोज जातोस आणि बाहेर येतोस, आणि तिथे काय आहे हे तुला ठाऊक नाही. मग तो माणूस प्रत्येक दारापाशी अडखळणारच. लाटा येत होत्या. एक लाट आली, फुटली, पुढची आली, आणि मधली एखादी आपल्या हातून निसटली तर नाही, या शंकेने तो कठड्याशी उभा राहून लाटांवर पहारा ठेवू लागला. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "काही पडलं का तुमचं पाण्यात?"

पडलंच होतं काहीतरी. बाप आठवला. बापाची भट्टी होती, ला तेहा वस्तीत. पाव भाजणारा आणि अराजकवादी. देव, सरकार आणि मालक या तिघांना एकाच दमात शिव्या घालून मग कणीक मळायला घ्यायचा. थोरल्या पोराचं नाव त्याने ठेवलं लीबेर, म्हणजे स्वतंत्र. हा स्वतंत्र पोरगा पीठ चाळता चाळता चाळणी हातात धरून तसाच उभा राहायचा, डोळे दूर कुठेतरी. शाळेत बाई म्हणायच्या, "निघाली इतुर्राल्देची स्वारी!" आणि वर्ग फिदीफिदी हसायचा. पण घरात कोणी हसायचं नाही. दुकानात गिऱ्हाईक बडबडत असलं तर बाप पिठाचा हात वर करायचा आणि हलक्या आवाजात म्हणायचा, "श्श. लीबेर विचार करतोय." आणि ती सगळी बायामाणसं पावाच्या पिशव्या छातीशी धरून उभी राहायची, चर्चमध्ये राहावं तशी, बापाच्या दुकानात तेवढाच एक काय तो धर्म होता. आपण विचार करणारा मुलगा आहोत हे लीबेरला तिथे कळलं. विचार करणारा म्हणून त्याला शाळेत ठेवला, धाकट्याला भट्टीवर लावला. विचार करणारा म्हणून पुस्तकं आली, शिष्यवृत्ती आली, पॅरिस आलं, उंदीर आले. एवढी थोरली इमारत. आणि पाया खणून पाहावा तर खाली नुसता खड्डा. तो विचार करत नव्हता. तो काहीच करत नव्हता. चाळणी हातात धरून तो नव्हताच.

आणि ती बस? दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना तो सांगायचा ती गोष्ट. तरुण असताना तो थांब्यावर उभा होता, बस येताना दिसली, आणि मग ती पाठमोरी जाताना दिसली, आणि त्या बसच्या धुरात त्याला अचानक सुचलं की गुन्हेगार हे रसायनच असणार. त्या रसायनाचं नाव इतकं लांब होतं की अर्ध्यावर श्वास घ्यावा लागे, म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्याला नुसतं 'आत्याबाई' म्हणायचे: न बोलावता येते आणि आली की सगळे गप्प. "विचारात इतका बुडालो होतो की बस चुकली," तो सांगायचा, "पण विज्ञानाची बस पकडली!" इथे विद्यार्थी हसायचे. आता कठड्याशी उभं राहून त्याच्या लक्षात आलं की बस चुकण्याच्या आधी तो काय विचार करत होता हे त्याला कधीच आठवलेलं नव्हतं. उंदीरही असाच. मिशा साफ करता करता थांबायचा, मिशांची टोकं थरथरायची, मग पुन्हा मिशा साफ. ते थांबणं लीबेरने मोजलं, छापलं, भिंतीवर टांगलं. पण उंदीर गेला कुठे होता, असं त्याच्या मनात कधी आलं नाही. मिशा साफ करणाऱ्या त्या बिचाऱ्यालाही आपण फार खोल विचार केला असं वाटत असेल का?

सगळ्यात वाईट आठवण पोसीतोस चौपाटीच्या वाळूवरची होती, ती तो घर येईपर्यंत टाळत होता. मिर्ता आणि तो बसले होते. मिर्ताने विचारलं होतं, लग्न करायचं का? आणि तो नदीकडे बघत बराच वेळ गप्प राहिला होता, आणि मग हो म्हणाला होता. मिर्ता पुढे बहिणींना सांगायची, माझ्या नवऱ्याने उथळपणे हो नाही म्हटलं, चांगला विचार केला. तीच ती शांतता. तिच्या जोरावर लग्न टिकलं होतं. आता प्रश्न असा, की त्या शांततेत कोणी होतं का?

मिर्ता स्वयंपाकघरात मांसाचे पातळ तुकडे पावाच्या चुऱ्यात घोळवत होती. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला, त्यामुळे तिचा आवाज दोन खोल्या ओलांडून ऐकू येई, आणि समोरच्याला दिशा दाखवायची सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती. लीबेरने दारातच उभं राहून सगळं सांगितलं: टोपी, भिरभिरं, कंगवा, किल्ल्या. तिने ऐकून घेतलं. तेल तापलं होतं म्हणून एक तुकडा सोडला.

"म्हणजे त्याला नाव आहे तर," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"नावानिशी नव्हतं. पण तू जातोस हे काय मला दिसत नाही? पापण्या फडफडतात, हातातला काटा तोंडापाशी येऊन थांबतो. आधी वाटायचं, कंटाळतोस. मग वाटलं, इतका शिकलेला माणूस, जात असेल कुठे कुठे."

"आणि इतक्या वर्षांत मला बोलली नाहीस?"

"बोलले की. तू गेला होतास तेव्हा."

लीबेरने खुर्ची ओढली. मिर्ताने तुकडा उलटला, आणि मग त्याच्याकडे पाठ करूनच बोलली, जरा हलक्या आवाजात, म्हणजे एकाच खोलीपुरतं. "खरं सांगू? मला ती सोय झाली होती रे. काही गोष्टी बायकोला नवऱ्याशी बोलता येत नाहीत. तू गेलास की मी बोलून घ्यायची. परत यायच्या आत वाक्य पुरं करायचं. गाडीचा दिवा मी फोडला होता."

"दिवा? त्याच्यापायी मी शेजारच्या ओल्मेदोशी बोलणं टाकलं!"

"तेही तुला सांगितलं होतं. तू गेला होतास."

"आणखी काय काय सांगितलंस?"

"आता नाही सांगणार." तिने पुढचा तुकडा तेलात सोडला. "बरंचसं तुला सांगायचं असं नव्हतंच. मोठ्याने म्हणायचं होतं, एवढंच. आणि आपलं माणूस समोर असावं असं वाटायचं."

त्याला तिच्या पाठीकडे बघत राहावंसं वाटलं. किती वर्षं ही दुसरी बायको त्याच्या गैरहजेरीत त्याच्याशी बोलत होती, रडली असेल, हसली असेल, आणि त्याच्या वाट्याला फक्त पहिली आली होती. एका परक्या पुरुषाचा हेवा वाटावा तसा त्याला त्या खुर्चीत बसलेल्या, पापण्या फडफडणाऱ्या, काहीही न ऐकणाऱ्या माणसाचा हेवा वाटला. मग धीर करून त्याने विचारलं. "मिर्ता, पोसीतोसच्या वाळूवर... तू मला विचारलंस तेव्हा मी इतका वेळ गप्प होतो. तेव्हाही मी..."

मिर्ता वळली. हातात झारा होता. "मी विचारलं? कोण म्हणतं? विचारलं तू. गप्प मी बसले होते."

"तू?"

"तर काय! डोक्यात दुसरा होता माझ्या, तो बँकेतला, सारावी. चांगला विचार केला मी. मग म्हटलं, हा तरी जास्त बोलत नाही. बस जेवायला."

तो जेवला. मोठा डोंगर उरावरून उतरावा आणि उतरताना पायावर पडावा, तसं त्याला झालं. निदान लग्न करताना तो जागेवर होता. पण सारावी?

पेर्लाने गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या आजपासून घ्यायच्या, असं मिर्ताचं म्हणणं होतं, आणि सकाळी तिने तर पाण्याचा पेलाही भरला. पण रात्रभर लीबेरच्या डोक्यात एक वेगळंच चक्र फिरत राहिलं होतं. लेकरांचं रक्त नेमकं त्या हरवण्याच्या क्षणी कधीच घेता येत नाही; तेवढ्या वेळात सुई खुपसणार कशी, आणि कुठली आई खुपसू देणार? म्हणून त्याच्याकडे होते ते फक्त इकडतिकडचे सरासरीचे आकडे, आणि टीकाकार तेवढंच धरून बसले होते. आता त्याच्याकडे एक समंजस, सज्ञान, बिनपगारी रोगी होता, जो भिरभिऱ्यावर फुंकर घालून हवं तेव्हा हरवत होता. गोळी घेतली की तो रोगी बरा होणार. म्हणजे विज्ञानाचं केवढं नुकसान!

"एक प्रयोग," तो मिर्ताला म्हणाला.

"एकच," मिर्ता म्हणाली. "आणि मी तिथे बसणार."

विद्यापीठाच्या समितीने परवानगी दिली; लीबेरने आजवर समितीतल्या प्रत्येकाचा एक ना एक अर्ज नाकारलेला असल्यामुळे त्याला सुई टोचायच्या प्रस्तावावर एकमत व्हायला वेळ लागला नाही. दंडात नळी बसवली. मिर्ता कोपऱ्यात विणकाम घेऊन बसली. पेर्ला नाडी धरून, उबाल्दो यंत्रापाशी. लीबेर आडवा पडून फुंकत राहिला आणि मध्ये मध्ये नाहीसा होत राहिला. जाण्याच्या आधीचं, गेल्यानंतरचं आणि परतल्यावरचं रक्त वेगवेगळ्या नळ्यांत जमलं. एकदा तो परत आला तेव्हा पेर्ला आणि उबाल्दो दोघेही छताकडे बघत होते आणि मिर्ता घाईने सुया चालवत होती. ती काहीतरी बोलली होती. काय, ते कोणीही त्याला सांगितलं नाही.

निकाल येईपर्यंत लीबेर तरंगत होता. लेखाचं शीर्षक तयार होतं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवलेल्याही त्याने ऐकल्या, आणि नम्रपणे खाली बघायचा सरावही आरशात केला. मग कागद आला. आत्याबाई जागची हलली नव्हती. आधी जेवढी, मध्ये तेवढी, नंतर तेवढी. रेघ अशी सपाट की तिच्यावर गुरं चरायला सोडावीत. त्याने यंत्राला दोष दिला, नळ्यांना दिला, फ्रीजला दिला. पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तीच रेघ. आपल्याच मेंदूने आपल्याविरुद्ध साक्ष द्यावी, आणि तीही इतकी थंडपणे?

"एका माणसावरून काही सिद्ध होत नाही," तो पेर्लाला म्हणाला.

"नाहीच होत," पेर्ला म्हणाली. "सिद्ध व्हायला हजार लागतात. शंका यायला एक पुरतो. आता गोळी घे."

शंका मात्र मुंगीसारखी असते, एक आली की मागून रांग येते. मग आजारी लेकरांच्या रक्तात आत्याबाई का वाढलेली होती? आठवत गेलं तसे त्याला आकडे नव्हे, आवाज आठवायला लागले. आजारी मुलं त्या खोलीत यायची ती किंचाळत. आधीच किती दवाखाने पाहिलेली, सुई म्हटली की छताला जाऊन लागायची, श्वास कोंडून निळी व्हायची. आणि तुलनेसाठी आणलेली निरोगी मुलं? ती सगळी प्राध्यापकांची भाचे-पुतणे मंडळी. आइस्क्रीमच्या बोलीवर आलेली, खिदळत बाही वर करणारी. म्हणजे इतकी वर्षं त्याने मोजलं ते काय? रडणं मोजलं होतं का त्याने? जगातल्या सगळ्यात महागड्या यंत्राने, फ्रेंच आणि इंग्रजीत, त्याने एवढंच नोंदवलं होतं का, की लेकरं सुईला घाबरतात? तो खोलीचं दार लावून हसायला लागला. हसता हसता हुंदका आला, आणि हुंदक्याच्या मधोमध त्याला वाटलं, आता इथे जर ती स्वारी निघाली तर किती बरं होईल. निघाली नाही. त्याने सकाळीच गोळी घेतली होती.

गोळ्यांनी गुण दिला. त्यानंतरचे दिवस लीबेरने अखंड भोगले. याआधी जगणं म्हणजे अधूनमधून बाकं टाकलेला रस्ता होता हे त्याला आता कळलं. कोणीतरी एका रात्रीत सगळी बाकं उचलून नेली होती. विद्याशाखेची बैठक त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. आपल्या सहकाऱ्यांची वाक्यं इतकी लांब असतात याची त्याला कल्पना नव्हती. तो आजवर त्यांना मुद्देसूद माणसं समजत होता. एका वृद्ध सभासदाने पार्किंगवर भाषण केलं. लीबेरने आशेने खिडकीकडे पाहिलं, डोळे शून्यात लावून पाहिले, पण शून्य त्याला दारात घेईना. रविवारच्या जेवणाला मेव्हण्याने गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचं वर्णन केलं. आणि घरी मिर्ता एखादं वाक्य सुरू करायची, त्याच्या पापण्यांकडे बघायची, आणि वाक्य बदलायची. "मीठ दे," म्हणायची. एकदा तो म्हणाला, "तुला बोलायचं असलं तर मी डोळे मिटून घेतो." ती म्हणाली, "मिटलेले नको. उघडे आणि रिकामे हवे होते." मग दोघंही हसले, पण एकाच वेळी थांबले नाहीत.

आत्याबाईवरचा जुना लेख मागे घ्यायचं पत्र त्याने धाडलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. फार थोड्या लोकांनी तो वाचला होता, हेही त्या निमित्ताने कळलं. आणि त्याच आठवड्यात इस्पितळाच्या जिन्यात सोलेदादने त्याला गाठलं. अबरील वरच्या पायरीवरून दोन पायांनी उडी मारून खालच्या पायरीवर येत होती, पुन्हा चढत होती.

"डॉक्टर, एक विचारू का?"

"मी डॉक्टर नाही हो, बाई."

"तेच ते. तुम्ही रेडिओवर बोलला होतात ना, अबरीलचा आजार निघाला त्या वर्षी. की ते जे रक्तात असतं, त्याचं एक भावंड चिकटवायच्या सोल्युशनमध्ये पण असतं."

लीबेरला ते बोलणं आठवेना, पण आवाज आठवला, त्याचा स्वतःचा, रेडिओसाठी जरा खर्जात लावलेला. निवेदिकेला काहीतरी रोजच्या वापरातलं उदाहरण हवं होतं. त्याने दिलं होतं.

"मी बुटांच्या कारखान्यात होते," सोलेदाद म्हणाली. जिन्याच्या कठड्यावरचा रंग ती नखाने खरवडत होती. "सोल चिकटवायचं काम. ही पोटात होती तेव्हा शेवटच्या महिन्यापर्यंत जात होते. खिडकी एकच, ती पण उघडत नसे. नंतर इथेच, याच जिन्यात, तुम्हाला विचारलं होतं मी, त्याने झालं असेल का म्हणून. तुम्ही म्हणालात, शक्यता नाकारता येत नाही. मी काम सोडलं. घरातला डिंकसुद्धा टाकला. नवरा म्हणतो वेडी आहेस. पण औषध लागायच्या आधी ही समोर बसलेली असायची, चमचा हातात, आणि जायची. तेव्हा दर वेळी मला तो वास यायचा, अजूनही येतो. म्हटलं, आता तुमचा शोध पुरा झाला असेल. खरं काय ते सांगून टाका. मी ऐकेन."

शक्यता नाकारता येत नाही. वर्षानुवर्षं हे वाक्य त्याच्या खिशात सुट्या नाण्यासारखं असायचं. कोणी काही विचारलं की काढून द्यायचं. जिन्याच्या वळणावर त्याने ते या बाईला दिलं, पुढे निघून गेला, आणि ती ते घेऊन घरी गेली. तिच्या घरात ते वाक्य जेवायला बसलं, झोपायला आलं.

"सोल्युशनचा काही संबंध नाही," तो म्हणाला. मग स्वतःलाच अडवून म्हणाला, "थांबा. तसंही नाही. माझा सगळा शोध चुकला, बाई. ते रसायन मुळात या आजारामागे आहे असं म्हणायला माझ्याकडे काही उरलेलं नाही. मग त्याच्या भावंडाचं काय घेऊन बसलात! अबरीलला हे का झालं ते मला माहीत नाही. तुमच्यामुळे झालं असं म्हणायला कसलाही आधार नाही, आणि कधीच नव्हता. मलाही हाच आजार झाला, आणि माझा बाप तर नुसता पाव भाजायचा."

सोलेदादचं नख कठड्यावर थांबलं. "मग आधी का नाही म्हणालात, माहीत नाही म्हणून?"

"आधी मला माहीत होतं," लीबेर म्हणाला.

ती पायरीवर मटकन बसली आणि रडायला लागली. मुसमुसून नव्हे, चांगलं तोंड उघडून, पाठ हलवून, येणारेजाणारे वळून बघतील असं. मध्येच तिने त्याला एक शिवी दिली, बंदरातले हमाल देतात तसली, आणि पुन्हा रडायला लागली. लीबेरला पळून जावंसं वाटलं, आणि पळायची त्याची जुनी वाट आता बुजलेली होती. तो गुडघ्यांवर हात टेकत तिच्या शेजारी बसला. त्या रडण्याचा प्रत्येक क्षण त्याच्या अंगावरून गेला, एकही निसटला नाही. अबरील उड्या मारायची थांबली, आईजवळ आली, तिच्या केसांत हात घालून बघत राहिली, आणि आई काही मरत नाही अशी खात्री पटल्यावर पुन्हा वरच्या पायरीवर गेली.

हळूहळू सोलेदादचा आवाज बसला. तिने बाहीला नाक पुसलं आणि खाली जमिनीकडे पाहिलं. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"हे कोणी चिकटवलंय?" ती म्हणाली.

"काय?"

"तुमचा बूट. सोल पुढून उकललाय. कडेने सोल्युशन ओघळू दिलंय, नीट घासलं पण नाही मेल्याने आधी. हात तोडले पाहिजेत त्याचे." तिने वाकून अंगठ्याने त्या फटीचा अंदाज घेतला. "माझ्या हातचा एक जोड कधी उकलून परत आला नाही, विचारा कुणालाही. काढा."

"इथे?"

"काढा हो."

लीबेरने बुटाची नाडी सोडली. सोलेदादने बूट उजेडाकडे धरला, तोंडाजवळ नेऊन त्याचा वास घेतला, आणि पर्समधली बिस्किटं बाहेर काढून त्या जागी तो कोंबला. "सोमवारी मिळेल," ती म्हणाली, अबरीलचा हात धरला, आणि दोघी जिना उतरून गेल्या. प्राध्यापक इतुर्राल्दे एका पायात मोजा घेऊन तिथेच उभा राहिला. फरशी चांगलीच गार होती.